मिनी ट्रॅक्टरमधील वंगणे व द्रवपदार्थ : तपासणी, निवड आणि फवारणीच्या परिणामकारकतेशी असलेला संबंध

फवारणी केली तरी कीड तशीच राहिली, अशी तक्रार आली की संशय प्रथम कीटकनाशकावर जातो. औषध बनावट होते, मात्रा कमी पडली किंवा किडीत प्रतिकारक्षमता निर्माण झाली, असे तर्क केले जातात. त्यांपैकी एखादा खराही असतो. परंतु ज्या बागेत मिनी ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणाऱ्या ब्लोअरने फवारणी होते, तेथे आणखी एक शक्यता तपासावी लागते आणि ती सहसा तपासली जात नाही. फवारणीच्या वेळी ट्रॅक्टर पूर्ण गतीने चालत होता काय? नसेल, तर त्याचे कारण अनेकदा रेडिएटरमधील कूलंट, इंजिनातील ऑइल किंवा डिझेलमधील पाणी अशा साध्या ठिकाणी सापडते.

द्राक्ष, डाळिंब, संत्रा, आंबा आणि सफरचंद या फळपिकांत साधारण १८ ते ३० अश्वशक्तीचे अरुंद ट्रॅक्टर आता सर्वत्र दिसतात. द्राक्षबागेत दोन ओळींतील अंतर ८ ते १० फूट असते, त्यामुळे मोठा ट्रॅक्टर तेथे उपयोगाचा नसतो. छोट्या इंजिनावर ब्लोअरचा पंखा, पंप आणि भरलेली टाकी असा तिहेरी भार पडतो व तो तासन्‌तास टिकून राहतो. नांगरणीत भार कमी-जास्त होत असल्याने इंजिनाला मध्येच उसंत मिळते. फवारणीत ती मिळत नाही. म्हणून याच कामात वंगण व शीतकरणातील उणिवा आधी उघड होतात.

गती घटली की काय होते?

बहुतेक ब्लोअर पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनविलेले असतात. इंजिन तापू लागले की चालक थ्रॉटल कमी करतो. त्याच्या दृष्टीने ते योग्यच असते, कारण इंजिन वाचवायचे असते. समजा फेऱ्या ५४० वरून ४३० वर आल्या. पंख्याने फेकलेली हवा फेऱ्यांच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे एक-पंचमांशाने घटते. हवेचा दाब मात्र फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो एक-तृतीयांशाहून अधिक खाली येतो.

यातील खरी अडचण अशी की दाबमापकावर हे काहीच दिसत नाही. पंपाची क्षमता नोझलच्या गरजेपेक्षा थोडी अधिक ठेवलेली असते आणि जादा द्रावण नियंत्रक झडपेतून टाकीत परत जाते. फेऱ्या काही प्रमाणात घटल्या तरी नोझलपाशी दाब तोच राहतो, थेंब तसेच निघतात. परंतु ते थेंब पानांच्या दाटीतून आत नेणारी हवा दुबळी झालेली असते. पाने उलटत नाहीत, त्यांची खालची बाजू कोरडी राहते, बाहेरच्या पानांवरून मात्र द्रावण ओघळते. ट्रॅक्टरचा गिअर तोच असेल तर चालण्याचा वेगही घटतो, म्हणून एकरी द्रावण सुमारे एक-चतुर्थांशाने वाढते. टाकी नेहमीपेक्षा दोन-तीन ओळी आधी संपली, असे चालक सांगत असेल तर तो धागा सोडू नये.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने याचा परिणाम गंभीर असतो. द्राक्षावरील पिठ्या ढेकणाची अंड्यांतून नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले उघडी व हालचाल करणारी असतात. ती सैल सालीखाली किंवा घडात स्थिरावून अंगावर मेणचट आवरण चढवू लागली की तेच कीटकनाशक तितके लागू पडत नाही. फुलोऱ्यातील फुलकिडे फुलांच्या व कोवळ्या मण्यांच्या आडोशाला असतात, तर आंब्यावरील तुडतुडे दाट मोहोरात. या सर्व किडींसाठी योग्य वेळ थोडक्या दिवसांची असते आणि थेंब आतपर्यंत पोहोचणे आवश्यक असते. अपुऱ्या हवेने झालेली फवारणी वाया गेली की शेतकरी मात्रा वाढवतो किंवा चार दिवसांत पुन्हा फवारणी घेतो. त्यातून खर्च वाढतो, मित्रकीटक मरतात, अर्धवट मात्रा मिळालेल्या किडींतून प्रतिकारक्षम पिढी निवडली जाते आणि काढणी जवळ असेल तर अवशेषांचा प्रश्न उभा राहतो. निर्यातक्षम द्राक्षाच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा संपूर्ण हंगामाचे नुकसान करू शकतो.

कूलंट

तापण्याच्या तक्रारीत प्रथम रेडिएटर पाहावा आणि तो इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावा. गरम रेडिएटरमधील द्रव दाबाखाली असतो. झाकण फिरवताच तो उसळतो व चेहरा भाजतो. शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतील पातळी पाहून समाधान मानू नये. झाकणाचे रबर किंवा झडप खराब असेल तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटरमध्ये द्रव कमी असतो. म्हणून आठवड्यातून एकदा सकाळी झाकण काढून प्रत्यक्ष पातळी पाहणे चांगले.

कमी पडलेल्या जागी विहिरीचे पाणी ओतण्याची सवय सर्वत्र आहे. जेथे पाणी क्षारयुक्त आहे तेथे, म्हणजे आपल्या कोरडवाहू फळपट्ट्याच्या मोठ्या भागात, ही सवय महाग पडते. क्षारांचा पातळ थरही उष्णतेच्या वहनात अडथळा आणतो. तो आत बसतो, बाहेरून दिसत नाही, आणि इंजिन का तापते हे मिस्त्रीलाही लवकर उमगत नाही. कूलंट खनिजविरहित पाण्यातच मिसळावे. तयार मिश्रण मिळत असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नये.

उष्ण प्रदेशात कूलंटची गरज काय, हा प्रश्न सोलापूर किंवा अनंतपूरचा शेतकरी विचारतो, तेव्हा त्याचे उत्तर गोठणबिंदूत नसते. एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे समप्रमाणातील मिश्रण सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही, ही गोष्ट हिमाचल व काश्मीरच्या सफरचंद पट्ट्यात महत्त्वाची आहे. दख्खनच्या पठारावर त्याच मिश्रणाचे दोन वेगळे उपयोग असतात. त्याचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा अधिक असतो आणि त्यातील गंजरोधके रेडिएटर, पाण्याचा पंप व इंजिनातील जलमार्ग यांचे रक्षण करतात. ही गंजरोधके कालांतराने संपतात, म्हणून द्रव स्वच्छ दिसत असला तरी पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा लागतो.

हिरवा, निळा, गुलाबी हे केवळ रंग आहेत. रंगावरून प्रकार ठरत नाही आणि दोन भिन्न रासायनिक प्रकार मिसळल्यास गंजरोधके निरुपयोगी होऊ शकतात. आधी काय भरले आहे हे ठाऊक नसेल तर संपूर्ण द्रव काढून, यंत्रणा धुऊन नव्याने भरावे. काढलेला द्रव उघड्या घमेल्यात ठेवू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर व अत्यंत विषारी असते. कुत्री व वासरे ते चाटतात.

रेडिएटरच्या जाळीवर फवारणीचे तुषार, गंधकाची भुकटी, धूळ व पानांचे तुकडे चिकटून थर बसतो. ब्लोअर वापरणाऱ्या ट्रॅक्टरात हा थर लवकर साचतो. कूलंट पूर्ण असूनही इंजिन तापत असेल तर बहुधा येथे दोष असतो. पंख्याच्या बाजूकडून समोरच्या दिशेने हवेने जाळी साफ करावी. जोराच्या पाण्याच्या धारेने पातळ पत्रे वाकतात.

इंजिन ऑइल

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. पातळी दोन खुणांच्या दरम्यान, वरच्या खुणेजवळ असावी. उतारावरील बागांत हे अधिक काटेकोरपणे पाळावे लागते, कारण ट्रॅक्टर कलला की ऑइल एका बाजूला जाते आणि पातळी आधीच कमी असेल तर पंपाला हवा ओढावी लागते. जादा ऑइल भरणेही तितकेच घातक आहे. फिरणारा क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि वंगण कमी पडते.

डिझेल इंजिनातील ऑइल बदलल्यानंतर थोड्याच तासांत काळे होते. ते खराब झाल्याचे चिन्ह नव्हे. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. चिंतेची चिन्हे वेगळी आहेत. ऑइल दुधी दिसले तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरले आहे. पातळी आपोआप वाढली आणि ऑइलला डिझेलचा वास आला तर इंधन गळून खाली उतरते आहे. असे पातळ झालेले ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही. पाण्याचा संशय असेल तर गरम तव्यावर ऑइलचा एकच थेंब टाकून पाहावा. पाणी असल्यास तो तडतडतो. ही चाचणी करताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि थेंबापेक्षा अधिक ऑइल घेऊ नये.

निवडीसाठी डब्यावरील दोन गोष्टी वाचायच्या असतात. पहिली एसएई श्रेणी. १५डब्ल्यू-४० मधील १५डब्ल्यू हा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो आणि ४० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा घट्टपणा किती राहतो ते सांगतो. थंड प्रदेशात २०डब्ल्यू-४० पेक्षा १५डब्ल्यू-४० सकाळी लवकर वर चढते. मैदानी उष्ण भागात पुस्तिकेने मुभा दिली असेल तर दोन्ही चालतात. दुसरी गोष्ट एपीआय वर्ग. त्यातील ‘सी’ हे आद्याक्षर डिझेल इंजिनासाठी, तर ‘एस’ पेट्रोल इंजिनासाठी असते. पुस्तिकेत सीएफ-४ लिहिले असेल तर नंतरचे सीएच-४ किंवा सीआय-४ वापरता येते. पुस्तिकेत सीआय-४ सांगितले असताना जुन्या वर्गाचे स्वस्त ऑइल भरणे मात्र चुकीचे ठरते. कंपनीचे नाव यानंतर येते. सुटे ऑइल कोणत्याही भावात घेऊ नये. मोहोरबंद डबा, पावती आणि बॅच क्रमांक असेल तरच तक्रारीला आधार राहतो.

बदलण्याचा काळ तासांवर मोजावा, महिन्यांवर नव्हे. नव्या ट्रॅक्टरचे पहिले ऑइल लवकर, बहुधा ५० तासांच्या आसपास बदलायचे असते. त्यानंतरचे अंतर पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. द्राक्षाच्या छाटणीनंतरच्या काळात फवारण्यांची संख्या इतकी असते की हे तास पाहता पाहता भरतात. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वीच ऑइल व फिल्टर बदलून घेणे शहाणपणाचे.

ट्रान्समिशन व हायड्रॉलिक ऑइल

सर्वाधिक चुका येथे होतात. अनेक मिनी ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक या सर्वांसाठी एकच टाकी व एकच ऑइल असते. त्या एका ऑइलकडून परस्परविरोधी अपेक्षा असतात. गिअरच्या दात्यांमध्ये त्याने चिवट थर टिकवावा, हायड्रॉलिक पंपातून सहज वाहावे, फेस होऊ देऊ नये आणि ब्रेकच्या चकत्यांमध्ये नेमके हवे तेवढे घर्षण राहू द्यावे. या कामासाठी यूटीटीओ नावाने ओळखले जाणारे खास ऑइल असते. पुस्तिकेत त्याचाच उल्लेख असेल तर त्याला पर्याय शोधू नये.

जुन्या, कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरात ९० क्रमांकाचे गिअर ऑइल चालत असे. तो अनुभव असलेला मिस्त्री नव्या ट्रॅक्टरातही तेच भरतो. परिणामी तेलात बुडालेले ब्रेक कुरकुरतात किंवा हवे तेव्हा धरत नाहीत, थंडीत लिफ्ट सावकाश उचलते. उलट, केवळ हायड्रॉलिकसाठी असलेले ६८ क्रमांकाचे ऑइल भरले तर लिफ्ट छान चालते, पण गिअरना पुरेसे संरक्षण मिळत नाही. हे नुकसान वर्ष-दोन वर्षांनी कळते, तोवर कारण कोणाच्या लक्षात राहत नाही. गिअर ऑइलमध्येही जीएल-४ आणि जीएल-५ असा भेद आहे. जीएल-५ अधिक ताकदीचे म्हणून चांगले, ही समजूत खरी नाही. त्यातील गंधकयुक्त घटक पितळी भागांना अपाय करू शकतात. पुस्तिकेत जीएल-४ सांगितले असेल तर तेच घ्यावे.

या टाकीची पातळी पाहताना लिफ्ट खाली केलेली असावी. ट्रॅक्टरला हायड्रॉलिक ट्रॉली जोडली असेल तर तिचा सिलिंडर मिटलेला असावा. उघड्या सिलिंडरमध्ये काही लिटर ऑइल गेलेले असते आणि डिपस्टिकवर ते कमी दिसते. तेथे भर घातली की ट्रॉली खाली येताच टाकी प्रमाणाबाहेर भरते. ट्रॉली चार जणांत फिरत असेल तर आणखी एक गोष्ट घडते : एका ट्रॅक्टरचे ऑइल दुसऱ्यात जाते. सामाईक अवजारे वापरणाऱ्या शेतकरी गटांनी एकाच दर्जाचे ऑइल ठरवून घेणे आणि जोडणीची तोंडे पुसून मगच जोडणे, एवढे तरी करावे.

ऑइल दुधी असेल तर पाणी, फेसाळ असेल तर पंपाच्या ओढीच्या बाजूने हवा, करपट वास असेल तर अतिउष्णता, असा ढोबळ अर्थ लावता येतो. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरात गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरी आवरणातून पाणी आत झिरपते. ते आवरण स्वस्त असते. त्यातून बिघडणारे ऑइल स्वस्त नसते.

डिझेल, हवेचा फिल्टर, बॅटरी

फवारणीत ट्रॅक्टर मध्येच अडखळत असेल, फेऱ्या आपोआप वर-खाली होत असतील तर इंधनाकडे पाहावे. पिंपात साठवलेल्या डिझेलमध्ये हवेतील ओलाव्याचे पाणी साचते. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून ते नियमित काढावे आणि टाकी संध्याकाळी भरून ठेवावी, म्हणजे रात्री आत पाणी धरायला मोकळी जागा राहत नाही. तेलात बुडालेला हवेचा फिल्टर असेल तर त्यात इंजिनाच्याच श्रेणीचे ऑइल खुणेपर्यंत भरावे. जास्त भरल्यास ते इंजिनात ओढले जाते. बॅटरीत केवळ शुद्ध पाणी घालावे, आम्ल नव्हे. ब्रेकची स्वतंत्र बाटली असलेल्या मॉडेलमध्ये डब्यावर सांगितलेलेच ब्रेक फ्लुइड घालावे. तेथे खनिज तेल गेल्यास रबरी भाग फुगतात. ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांसाठी १ जानेवारी २०२३ पासून उत्सर्जनाचे कडक निकष लागू झाले. त्या ट्रॅक्टरांसंबंधीचे सल्ले मिनी ट्रॅक्टरला जसेच्या तसे लावू नयेत.

फवारणी पंपाचे ऑइल

ट्रॅक्टरची तपासणी करणारेही ब्लोअरच्या पंपाकडे पाहायचे विसरतात. डायफ्रॅम पंपावर पारदर्शक वाटी असते व तिच्यात ऑइलची पातळी दिसते. हे ऑइल पांढरे, दह्याच्या निवळीसारखे झाले की डायफ्रॅम फाटला आहे आणि द्रावण ऑइलमध्ये शिरते आहे, असे समजावे. अशा वेळी ती टाकी संपवून मग थांबू, हा विचार करू नये. कीटकनाशक व पाणी आतील बेअरिंगपर्यंत पोहोचले की पंप दुरुस्तीपलीकडे जातो. पातळी सारखी घटत असून बाहेर गळती दिसत नसेल, तर ऑइल द्रावणात मिसळून पानांवर जात असण्याची शक्यता असते. फवारणीनंतर कोवळ्या पानांवर तेलकट डाग व करपा दिसला तर औषधांच्या मिश्रणाला दोष देण्यापूर्वी ही वाटी पाहावी. पंपातून काढलेले पांढरे ऑइल कीटकनाशकमिश्रित असते. ते हाताळताना हातमोजे घालावेत आणि इतर जुन्या ऑइलमध्ये मिसळू नये.

विस्तार कार्यकर्त्याने तक्रारीच्या बागेत गेल्यावर औषधाचा डबा मागण्याआधी ट्रॅक्टर सुरू करायला सांगावा, ब्लोअर जोडून पीटीओच्या फेऱ्या टॅकोमीटरने मोजाव्यात आणि अर्धा तास चालल्यानंतर पुन्हा मोजाव्यात. पहिल्या व दुसऱ्या मोजणीत मोठा फरक आढळला तर दोष बहुधा औषधात नाही. ओळीच्या आतील पानांच्या खालच्या बाजूला पाण्याला संवेदनशील कागदाचे तुकडे लावून साध्या पाण्याची एक फेरी मारली की चित्र स्पष्ट होते. मात्रा वाढविण्याचा सल्ला त्यानंतरच द्यावा, आणि तोही लेबलवरील मर्यादेतच.

जुने ऑइल

काढलेले ऑइल झाडांच्या बुंध्यांना वाळवीसाठी किंवा पिठ्या ढेकणासाठी फासण्याचा प्रकार अजूनही आढळतो. फवारणीसाठी वापरले जाणारे शुद्ध खनिज तेल आणि इंजिनातून निघालेले काळे ऑइल यांत नावापलीकडे साम्य नाही. काळ्या ऑइलमध्ये धातूंचे कण व ज्वलनातून तयार झालेली घातक संयुगे असतात. त्याने साल गुदमरते, माती दूषित होते. आंब्यावरील पिठ्या ढेकणाची पिल्ले डिसेंबर-जानेवारीत मातीतून निघून खोडावर चढतात, तेव्हा त्यांना अडविण्यासाठी २५ ते ३० सेंटिमीटर रुंदीची ४०० गेजची पॉलिथिन पट्टी खोडाभोवती घट्ट बांधून तिच्या खालच्या कडेला ग्रीस लावावे. पट्टी पिल्ले निघण्यापूर्वी, डिसेंबरच्या सुरुवातीलाच बांधली पाहिजे.

घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ नुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोहोचेल अशा संकलकाला किंवा सर्व्हिस सेंटरला द्यावे. त्यासाठी कीटकनाशकाचा रिकामा डबा वापरू नये. ऑइल, डिझेल व कूलंट यांची नरसाळी आणि मापे फवारणीच्या साहित्यापासून वेगळ्या फळीवर, रंगाची खूण करून ठेवावीत.